आधी बटाटा उकडून बघा: इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
इंदुरातील सर्व मराठी मंडळे, महिला मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ

स.न.वि.वि.

विनंती आधी, कारणे मागाहून. आपल्या सभागृहात आरोग्यावर व्याख्यान ठेवाल तेव्हा त्याच कार्यक्रमात आणि त्याच दारात कॅप्सूल, पावडरी, रस, थेंब यांपैकी कशाचीही विक्री होऊ देऊ नका. आणि "कॅन्सरचे उपचार चालू असले तरी घ्या, अँटिऑक्सिडंटच तर आहे, नुकसान काही नाही" असे कोणी आपल्या व्यासपीठावरून सांगू लागला, तर अध्यक्षांनी उठून माइक हातात घ्यावा. पाहुण्याचा अपमान होईल. होऊ दे.

मी निवृत्त होईपर्यंत इथल्याच एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवली. त्यामुळे आवाज मधूनच वर्गातला लागला तर सांभाळून घ्या.

हे कार्यक्रम कसे होतात ते आपल्याला ठाऊक आहे. रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, साचा एकच. गणेशवंदना, मोफत बीपी आणि शुगर, मग पडद्यावर चिरून काळे पडलेले सफरचंद आणि 'फ्री रॅडिकल' नावाचा खलनायक: पेशींची नासधूस करणारा अस्थिर रेणू, आणि त्याला आवरतो तो अँटिऑक्सिडंट. त्यानंतर मुख्य खेळ. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचे चार थेंब, पाणी तपकिरी. "हे तुमचं रक्त, आजोबा, वयानं असं झालेलं." त्यात कॅप्सूल फोडायची, ढवळायचे, पाणी पुन्हा नितळ. टाळ्या. मग साबुदाण्याची खिचडी, आणि खिचडीच्या बशीबरोबर ऑर्डरचा फॉर्म.

त्या ग्लासात घडते ते असे. कॅप्सूलमधले क जीवनसत्त्व आयोडीनला इलेक्ट्रॉन देते, आयोडीनचे आयोडाइड होते आणि आयोडाइडला रंग नसतो. अर्धे लिंबू पिळले तरी हेच होते. मासे पाळणारे पाण्यातला क्लोरीन घालवायला हायपो वापरतात, तो टाकला तरी हेच होते, आणि हायपो कोणी सकाळी अनशापोटी घेत नाही.

सफरचंद आणि आयोडीनपुरतेच असते तर पत्र लिहायचे कारण नव्हते. पण अलीकडे भाषणाचा सूर बदलला आहे. जीवनसत्त्वे जुनी झाली. आता 'एसओडी' आहे, 'ग्लुटाथायोन' आहे, 'शरीरातल्या संरक्षक एन्झाइमची हुबेहूब नक्कल करणारा रेणू' आहे. हे शेवटचे वाक्य ऐकून मी खुर्चीत सावरून बसले, कारण असे रेणू खरोखर आहेत. त्यांच्यावर कित्येक वर्षे काम चालू आहे, भारतातही चालू आहे, आणि त्यातला एक तर आपल्या शहराच्या दुखण्याशी थेट येऊन भिडतो. त्या कामाची पुण्याई भलत्याच बाटलीला चिकटवली जाते आहे, माझी तक्रार ही आहे.

तर थोडे शिकवते. १९३८ साली मान आणि कीलिन या दोघांनी गुराच्या रक्तातल्या तांबड्या पेशींतून तांबे असलेले एक प्रथिन वेगळे केले. ते तिथे काय करते हे पुढची तीस वर्षे कोणाला सांगता येत नव्हते. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड हा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवले की हे एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन आहे आणि सुपरऑक्साइड निकालात काढणे हे त्याचे काम. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजेच ते एसओडी. आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचे पेशीत शेवटी पाणी होते, पण थोडासा ऑक्सिजन मध्येच एक जादा इलेक्ट्रॉन पकडून भरकटतो, तो सुपरऑक्साइड. एसओडी असे दोन रेणू घेते आणि एकाचा परत ऑक्सिजन, दुसऱ्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते.

इथे वर्गात मी नेहमी थांबत असे. आपल्या सर्वांत नावाजलेल्या संरक्षक एन्झाइमच्या हातून तयार काय होते? पेरॉक्साइड. जखम धुवायला मिळते तेच. हे ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

पेरॉक्साइडची व्यवस्था लावायला दुसरी फळी असते. लोह असलेले कॅटलेज त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करते. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे पेशीतला ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू खर्चून पेरॉक्साइडचे पाणी करते, आणि या एन्झाइमला सेलेनियम लागते हे १९७३ मध्ये कळले. दुसरी फळी कमी पडली आणि पेरॉक्साइडची गाठ मोकळ्या लोहाशी पडली, तर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. ही अभिक्रिया फेंटन यांनी १८९४ मध्येच नोंदवली होती. हायड्रॉक्सिलवर शरीराकडे कोणतेही एन्झाइम नाही. तो जिथे जन्मतो तिथेच समोर येईल त्याला फाडतो. म्हणून सगळी मदार आधीच्या पायऱ्यांवर, आणि पायऱ्यांच्या क्रमावर. पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागात, मायटोकॉन्ड्रियात, मँगनीज असलेले वेगळे एसओडी असते. त्याचे जनुक काढून टाकलेली उंदरांची पिल्ले जन्मल्यावर फार दिवस जगत नाहीत, हे १९९५-९६ मध्ये दोन प्रयोगशाळांनी दाखवले. म्हणजे या एन्झाइमचे महत्त्व वक्ते सांगतात त्याहून काकणभर जास्तच आहे. वाद तिथे नाहीच.

क किंवा ई जीवनसत्त्वात आणि एन्झाइममध्ये फरक काय, हे समजवायला इंदूरच्या माणसाला लांब जायला नको. जीवनसत्त्वाचा रेणू म्हणजे रस्त्यावरचा एक कागद उचलून खिशात घालणारा भला माणूस. खिसा भरला, काम संपले. एन्झाइम म्हणजे घंटागाडी: भरते, रिकामी होते, परत येते, आणि ओला-सुका एकत्र करू देत नाही. कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड मोडतो. (क जीवनसत्त्व ई जीवनसत्त्वाला पुन्हा कामावर उभे करते, हे मला माहीत आहे. विज्ञानशाखेच्या वाचकांनी लगेच पोस्टकार्ड टाकू नये.)

मग एन्झाइमच गिळले तर? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. मेडिकलच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची लहान बाटली आणा. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर थोडे टाका. फसफसून फेस येतो. बटाट्यातले कॅटलेज पेरॉक्साइड मोडते आहे आणि ऑक्सिजन सुटतो आहे. आता उकडलेल्या बटाट्यावर टाका. काही होत नाही. घटक सगळे तेच, पण एन्झाइम म्हणजे विशिष्ट घडी घातलेले प्रथिन. उष्णतेने घडी मोडली की काम बंद. आपल्या जठरात उकळते पाणी नसते, पण आम्ल असते, पेप्सिन असते आणि पुढे आतड्यात प्रथिने तोडणारी बाकीची मंडळी असतात. गिळलेल्या एसओडीची गत डाळीतल्या प्रथिनासारखीच होते. पचते. त्यातून अमिनो आम्ले मिळतात, ती वरण-भातातूनही मिळतात आणि स्वस्तात मिळतात.

सुईने देऊन पाहिले नाही असेही नाही. गुरांपासून काढलेले एसओडी 'ऑर्गोटीन' नावाने युरोपात सांध्यांत टोचत, घोड्यांनाही देत. परके प्रथिन म्हटल्यावर काहींना ॲलर्जी होई. शिवाय रक्तात ते काही मिनिटांतच निम्मे उरते, आणि आकार एवढा मोठा की पेशीच्या आत शिरत नाही. हळूहळू ते मागे पडले.

इथून नक्कल करणाऱ्या रेणूंचा विचार सुरू झाला, आणि तो मला आजही सुंदर वाटतो. एवढ्या मोठ्या प्रथिनाच्या पोटात प्रत्यक्ष काम करतो तो धातूचा एखादा अणू. इलेक्ट्रॉन घेतो, देतो, परत मूळ रूपात येतो. बाकीचे प्रथिन त्याला योग्य जागी धरून ठेवते, योग्य गिऱ्हाईक आत सोडते. मग तो धातू एखाद्या लहान, पचनात न मोडणाऱ्या किंवा सरळ शिरेतून देता येणाऱ्या कड्यात बसवला तर? मँगनीज यासाठी रसायनशास्त्रज्ञांना आवडले, कारण ते कड्यातून निसटले तरी मोकळ्या लोहाइतका किंवा तांब्याइतका घोळ घालत नाही.

आता आपल्या शहराकडे येते. गुटख्यावर बंदी घालणारे मध्य प्रदेश हे देशातले पहिले राज्य, २०१२ साली. त्यानंतर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागला, आणि टपरीवर दोन्ही पुड्या एकत्र रिकाम्या करणारी मुले आपण रोज बघतो. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोग करते, हा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने देऊनही दोन दशके उलटली. तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेला माणूस ज्यांनी घरात पाहिला असेल त्यांना सांगायला नको की शेवटच्या आठवड्यांत तोंड किती येते. पाण्याचा घोट जात नाही. काहींना नाकातून नळी घालावी लागते, काहींचे उपचार मध्येच थांबतात.

या तोंड येण्यामागे सुपरऑक्साइडचा मोठा हात आहे असे मानून एक औषध तयार झाले: ॲव्हासोपासेम मँगनीज. मँगनीजचा एक अणू आणि त्याला पाच नायट्रोजननी धरलेले कडे, एवढाच तो रेणू. एसओडीची नक्कल. रेडिएशनच्या आधी तासाभरात शिरेतून ९० मिलिग्रॅम द्यायचे, आठवड्याचे पाचही दिवस. तोंड आणि घशाच्या कॅन्सरच्या ४५५ रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. तुलनेसाठी शिरेतून नुसते मिठाचे पाणी मिळालेल्या गटात ६४ टक्के रुग्णांना तीव्र तोंड आले, औषधाच्या गटात ५४ टक्के. तीव्र त्रासाचे दिवस मध्यकाने १८ वरून ८ वर आले.

यातली खरी गंमत मघाच्या पेरॉक्साइडमध्ये आहे. हे औषध सुपरऑक्साइड काढते आणि पेरॉक्साइड सोडते. पेरॉक्साइडला ते हात लावत नाही, आणि ते मुद्दामच तसे घडवलेले आहे. निरोगी पेशीला सुपरऑक्साइड जास्त जाचते आणि तिच्याकडे पेरॉक्साइडचा निचरा करायची दुसरी फळी शाबूत असते. बऱ्याच कॅन्सरपेशींकडे ती फळी दुबळी असते. म्हणजे निरोगी पेशीला आराम, कॅन्सरपेशीला सवलत नाही, अशी ही मांडणी. ज्याला आपण सरसकट अँटिऑक्सिडंट म्हणून ओवाळतो, त्याच्या गुणाचा अर्धा भाग तो कुठे थांबतो यात असतो.

आणि आता दुसरी चाचणी, जिच्यासाठी मी अध्यक्षांना माइक हातात घ्यायला सांगते आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये अशाच, डोके व मानेच्या कॅन्सरचे रेडिएशन घेणाऱ्या ५४० रुग्णांना ई जीवनसत्त्व किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. सुरुवातीला बीटा-कॅरोटीनही होते, ते पुढे बंद केले. २००५ मध्ये निकाल आला. दोन्ही पूरके मिळालेल्यांना रेडिएशनचा तीव्र त्रास कमी झाला. इथपर्यंत ऐकले तर कुठलाही विक्रेता टाळ्या घेईल. पण त्याच अभ्यासात पूरके घेणाऱ्यांत रोग जागच्या जागी उलटण्याकडे कल दिसला, आणि पुढच्या पाहणीत त्यांच्यातले मृत्यूही जास्त निघाले. रेडिएशन चालू असताना सिगारेट ओढत राहिलेल्यांना याचा विशेष फटका बसला. जीवनसत्त्वाने निरोगी पेशीला वाचवले तसे कॅन्सरच्या पेशीलाही वाचवले असावे, असा याचा सर्वांत सरळ अर्थ लागतो.

आजार तोच, उपचार तोच, आणि दोन्हींच्या वेष्टनावर 'अँटिऑक्सिडंट' हा एकच शब्द शोभला असता. म्हणून आपल्या हॉलमध्ये तो शब्द उच्चारून कोणी शेक घेणाऱ्या माणसाच्या बायकोला तीन महिन्यांचा कोर्स विकतो, तेव्हा मला राग येतो.

ॲव्हासोपासेमचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अर्ज परत पाठवला: पुरावा पुरेसा पटणारा नाही, आणखी एक चाचणी करा. कंपनी लहान होती, बहुतेक कर्मचाऱ्यांना तिने घरी पाठवले. मला याचे वाईट वाटले, पण प्रशासन चुकले असे मी म्हणणार नाही. ५४ आणि ६४ मधला फरक खरा असू शकतो आणि नशिबाचाही असू शकतो. एका चाचणीवर किती विसंबायचे हा त्यांचा प्रश्न योग्य होता. लक्षात घ्या: ४५५ माणसांवर, निष्क्रिय द्रावणाशी तुलना करून तपासलेली, जगातली बहुधा सर्वांत पुढे गेलेली एसओडीची नक्कल दाराशी जाऊन परत आली. आणि आपल्याकडे मात्र "नक्कल करणारा रेणू" खिचडीबरोबर मिळतो.

नकलांच्या वाटेवर अपयशे पुष्कळ आहेत. मँगनीजचाच दुसरा रेणू, कॅलमँगाफोडिपिर, केमोथेरपीने हातापायांना येणाऱ्या बधिरपणावर आजमावला गेला. तिसऱ्या टप्प्यात गुण तर आला नाहीच, एका चाचणीत त्रास जास्त दिसला. २००० साली एका गटाने कळवले की ईयूके गटातले दोन नकली रेणू दिल्यावर सूक्ष्म कृमींचे सरासरी आयुष्य ४४ टक्के वाढले. दुसऱ्या प्रयोगशाळेने काही वर्षांतच तसाच प्रयोग केला, तिला वाढ दिसली नाही. पण कृमींचा तो आकडा म्हाताऱ्या माणसांसमोर आजही दाखवला जातो. सेलेनियम असलेला एब्सेलेन हा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजची नक्कल करतो हे १९८४ पासून माहीत आहे, जपानमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्याही झाल्या, तरी पक्षाघातावरचे औषध म्हणून तो रुजला नाही.

साध्या जीवनसत्त्वांबद्दल तर आता फार शंका ठेवायला जागा नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना घेऊन केलेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला (१९९४). अमेरिकेतली तशीच चाचणी त्याच कारणाने वेळेआधी थांबवावी लागली. अमेरिकेतच ई जीवनसत्त्वाने प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे सगळे आकडे निरोगी म्हणवणाऱ्या, चालत्याफिरत्या माणसांचे आहेत. आणि बाटलीवर जो 'ओरॅक' हा अँटिऑक्सिडंट शक्तीचा गुणांक मिरवतात, त्याची खाद्यपदार्थांची यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये स्वतःच संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण परीक्षानळीतल्या त्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लावता येत नव्हता आणि विक्रेते तो लावत होते.

मी अँटिऑक्सिडंटची वैरी नाही. पॅरासिटामॉलचा अतिरेक झालेल्या माणसाला एन-ॲसिटिलसिस्टीन वेळेवर दिले तर यकृत वाचते. ते शरीराला ग्लुटाथायोन बनवायचा कच्चा माल पुरवते. एडॅरव्होन हे रॅडिकल टिपणारे औषध जपानमध्ये २००१ पासून पक्षाघातासाठी वापरात आहे. दोन्ही ठिकाणी रोग ठरलेला, मात्रा ठरलेली, वेळ ठरलेली.

शिवाय सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड हे निव्वळ शत्रू नव्हेत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करतात. जन्मतःच ज्यांना ते जमत नाही, त्या मुलांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. नेहरू पार्कात सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांसाठी आणखी एक: २००९ मध्ये जर्मनीत तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम दिला, त्यातल्या काहींना रोज क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० युनिट. व्यायामाने इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारतो, तो गोळ्या न घेणाऱ्यांत सुधारला. घेणाऱ्यांत सुधारला नाही. व्यायामाचा थोडासा ऑक्सिडेटिव्ह ताण हाच शरीराला स्वतःची एन्झाइमे वाढवायचा निरोप असतो. फेरी मारून आल्यावर ती गोळी घ्यायची म्हणजे निरोप मधल्यामध्ये फाडायचा.

देशातल्या कामाबद्दलही कोणी व्यासपीठावरून बोलत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. मुगेश यांचा गट एन्झाइमच्या नकलांवर काम करतो. २०१४ मध्ये त्यांनी दाखवले की व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या नॅनोतारा पेशींमध्ये ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजसारखे वागतात. हा पदार्थ एरवी विषारी म्हणून ओळखला जातो. त्याच पदार्थाचा आकार आणि पृष्ठभाग बदलला की वागणूक बदलते, हे त्यातले नवल. २०१९ चा इन्फोसिस पुरस्कार भौतिक विज्ञानात मुगेश यांना मिळाला. आपल्या मुलाबाळांना हे सांगायला काय हरकत आहे? त्या तारा कोणी कॅप्सूलमध्ये भरून विकत नाही, यातच त्या शास्त्रज्ञांची पत आहे.

आता थोडे कायद्याचे, कारण सचिवांना तेच कामाला येईल. बाटलीवरचा चौदा आकडी क्रमांक दाखवून 'सरकारमान्य' म्हटले जाते. तो एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे अन्नाचा परवाना आहे. गुण येतो असे त्याने सिद्ध होत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा पूरकांवर 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना ठळक छापावी लागते. पुढच्या वेळी भिंग घेऊन बघा, ती असते. मधुमेह, मोतीबिंदू, कॅन्सर, पक्षाघात बरे करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. आणि २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होतो, तोही प्रसिद्धीत सहभागी असणाऱ्या कोणालाही. मंडळाच्या ग्रुपवर जे पत्रक फिरते आणि ज्यावर खाली मंडळाचे नाव असते, त्याचा विचार करून ठेवावा.

राहिला पैशाचा प्रश्न. मला माहीत आहे की ही माणसे गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत पूर्ण पान घेतात, हॉलचे भाडे देतात, खिचडीचा खर्च उचलतात. मंडळे चालवणे सोपे नाही, तरुण पिढी वर्गणी द्यायला कुरकुरते, हेही खरे. पण पूर्ण पान सराफ घेतो, मिठाईवाला घेतो, सहकारी बँक घेते, आणि यांतला कोणी आपल्या सभासदाला रेडिएशनच्या आड येणारी वस्तू देत नाही. खिचडीच जड जात असेल तर चहावर भागवा.

आरोग्यावर कार्यक्रम मात्र जरूर ठेवा. एमजीएम मेडिकल कॉलेज गावातच आहे. शासकीय दंत महाविद्यालयाला पत्र लिहून तोंडाच्या तपासणीचे शिबिर मागा. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडते का, हे वेळेवर पाहिले तर जो फायदा होतो तो कुठल्याही बाटलीत नाही. सुपारी खाणाऱ्या काकूंनाही त्यात बसवा, त्या स्वतःला मोजत नाहीत. देवी अहिल्या विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचा विभाग आहे; तिथल्या एखाद्या संशोधक मुलीला बोलावून एन्झाइमच्या नकलांवर तासभर बोलू द्या. तिला मानधन द्या, शाल-श्रीफळावर वाटेला लावू नका. बटाट्याचा प्रयोग कोणालाही करता येतो. शाळेतल्या मुलांकडून करून घेतलात तर आजी-आजोबा जास्त लक्ष देतात.

नवरात्र-कोजागिरीच्या पत्रिका छापायला जाण्याआधी हा विषय कार्यकारिणीपुढे यावा, म्हणून ठरावाचा मसुदा इथेच देते. शब्द हवे तसे बदला:

"मंडळाच्या सभागृहात किंवा मंडळाच्या नावाने होणाऱ्या आरोग्यविषयक कार्यक्रमात कोणत्याही औषधाची, पूरक आहाराची वा उपकरणाची विक्री, नोंदणी अथवा सभासदांचे फोन क्रमांक गोळा करणे यांस परवानगी राहणार नाही. वक्त्याने आपला व्यवसाय आणि विक्रीशी असलेला संबंध आरंभी जाहीर करावा. उपचार चालू असलेल्या रुग्णांस कोणतेही पूरक सुचवू नये. तसे झाल्यास अध्यक्ष कार्यक्रम थांबवतील."

कळावे,

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
रामबाग, इंदूर